जुन्या रायफलचा ग्रूप फाकतोय? लाकूड तासायच्या आधी हे बघा

शिकारीची जुनी रायफल नेमावर लागेना, म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा झुपका (ग्रूप) पसरायला लागला, की लोक लगेच म्हणतात बॅरल संपलं, पण बऱ्याचदा ते शाबूत असतं. नळीत गोळ्यांच्या आवरणाचं वर्षानुवर्षांचं तांबं साचलेलं असतं, एखादा स्क्रू ढिला झालेला असतो, नाहीतर दमट हवेने लाकूड फुगून बॅरलला टेकलेलं असतं.

आधी रायफल रिकामी करा, चेंबरमध्ये (काडतूस बसतं ती जागा) बघा आणि बोटाने चाचपा पण, बोल्ट काढून ठेवा, काडतुसं दुसऱ्या खोलीत.

मग स्क्रू. मी एकदा दोन दिवस स्टॉक (लाकडी दस्ता) घासत बसलो आणि दोष निघाला स्कोपच्या (दुर्बिणीच्या) बेसखाली, म्हणून हे पहिलं सांगतोय. बेस, रिंगा, स्टॉक सगळे तपासा. रिंगांना साधारण १५ ते २० इंच-पाउंड (आवळायच्या जोराचं माप) पुरे, जास्त आवळलं तर स्कोपची नळी चेपते. विंचेस्टर मॉडेल ७०सारख्या तीन स्क्रूच्या रायफलला पुढचा आणि मागचा नीट कसायचा, मधला नुसता टेकवायचा, तो आवळला तर ॲक्शन (बोल्ट बसतो तो धातूचा भाग) वाकते.

आता सफाई, आणि इथे घाई करू नका. तांबं काढणारं सॉल्व्हेंट लावायचं, बाटलीवर लिहिलंय तेवढाच वेळ ठेवायचं, मग कापडाचा तुकडा फिरवायचा. तो निळा-हिरवा आला म्हणजे तांबं अजून आहे, परत करा. ब्रश नायलॉनचा घ्या, कारण ब्राँझचा ब्रश स्वतःच विरघळून कापड निळं करतो आणि आपण उगाच घासत बसतो. अमोनियावालं असेल तर खिडक्या उघड्या ठेवा. रॉड शक्यतो चेंबरच्या बाजूनेच घाला, मझलकडून (नळीच्या तोंडाकडून) घातला की क्राउन, म्हणजे तोंडाची कड, झिजतो, आणि गोळी शेवटची तिथूनच सुटते. क्राउनच्या आतल्या कडेवरून इअरबड फिरवा, कापूस अडकला तर तिथे ओरखडा आहे. तो घरी कानशीने घासू नका हो, गनस्मिथकडे द्या.

लाकडासाठी कागदाची पट्टी बॅरल आणि स्टॉकच्या मधून सरकवत मागे न्या. एकाच बाजूला अडकत असेल तर लाकूड वाकलंय. पण थांबा, काही जुन्या रायफलींना स्टॉकच्या टोकाशी मुद्दाम टेकू दिलेला असतो, तो तासला की परत येत नाही. आधी ॲक्शनखाली पातळ शिम (पत्र्याचा तुकडा) घालून बॅरल तात्पुरतं उचला, गोळ्या मारून बघा, ग्रूप सुधारला तरच घासा. इपॉक्सीचं बेडिंग (ॲक्शन नीट बसायला स्टॉकमध्ये इपॉक्सीचा थर) करणार असाल तर धातूवर रिलीज एजंट (चिकटू न देणारा लेप) सगळीकडे लावा, खाचांमध्ये क्ले भरा, नाहीतर रायफल स्टॉकमध्ये कायमची चिकटेल.

एका वेळी एकच बदल, मगच रेंजवर जा. पाच गोळ्यांचा ग्रूप मारा, मधे बॅरल थंड होऊ द्या, शिकारीचं बॅरल पातळ असतं आणि तापलं की गोळ्या सरकायला लागतात. ग्रूप एमओएमध्ये मोजतात, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात; १०० मीटरवर १ एमओए म्हणजे साधारण २.९ सेंटीमीटर, जुन्या रायफलीने दीड-दोन एमओए दिलं तरी मी खूश असतो.

एवढं करूनही फाकत असेल तर काडतूस बदलून बघा. लांब, जड गोळीला जास्त पिळाचं रायफलिंग (नळीतल्या गोळी फिरवणाऱ्या खाचा) लागतं, पीळ कमी असेल तर हलकी गोळी घ्या, टार्गेटवर आडवी भोकं दिसत असतील तर गोळी स्थिर होत नाहीये हे नक्की.