आधी वर्णपट बघा, नकाशा नंतर

वरच्या वातावरणावर काम करायला येणारी मुलं हमखास विचारतात, "उपग्रह इतक्या लांबून वायू मोजतो कसा?" त्याच्या हाती येतो फक्त उजेड. त्यातून वायूचं प्रमाण काढायचं काम आपलं, आणि माझ्या मते या विषयातली खरी गंमत तिथेच आहे.

मी नासाच्या 'गोल्ड' उपकरणाचा डेटा वापरते. जानेवारी 2018 मध्ये ते एसईएस-14 या दळणवळण उपग्रहावरून गेलं आणि भूस्थिर कक्षेतून अमेरिका खंड नि अटलांटिक न्याहाळतं. ते टिपतं तो अतिनील प्रकाश, तरंगलांबी साधारण 132 ते 162 नॅनोमीटर. हा प्रकाश ऑक्सिजनचे रेणू शोषून घेतात. म्हणून खालचे ढग, समुद्र, जमीन काहीच दिसत नाही. जे चमकतं ते शंभर किलोमीटरच्या वरचं.

दिवसाचा एक वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगलांबीला किती उजेड आला त्याचा आलेख, उघडा. 135.6 नॅनोमीटरवर ठसठशीत टोक दिसेल, ते अणुरूप ऑक्सिजनचं. पुढे लहानमोठ्या शिखरांची रांग आहे, ती नायट्रोजनच्या रेणूची, एलबीएच पट्टे म्हणतात तिला. सूर्याच्या तीव्र किरणांनी सुटलेले इलेक्ट्रॉन दोघांनाही धडकतात, म्हणून ऊन वाढलं की दोन्ही उजळतात. ऑक्सिजनच्या उजेडाला नायट्रोजनच्या उजेडाने भागलं की उन्हाचा परिणाम बराचसा निघून जातो आणि ऑक्सिजन-नायट्रोजन गुणोत्तराचा अंदाज मिळतो. मात्र नायट्रोजनचा एक पट्टा 135.6 ला अगदी चिकटून आहे. तो वेगळा काढल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आणि फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, मोजा. शंभर फोटॉन असतील तर चूक दहा टक्के, दहा हजार असतील तर एक टक्का. या गुणोत्तराच्या नकाशावरचा एखादा लालभडक ठिपका खरा की नुसता गोंगाट, हे इथेच कळतं.

डेटा ज्या स्वरूपात मिळतो त्या नेटसीडीएफ फायली वाचण्यापुरतं पायथन पुरे, आणि डेटा मोफत आहे. 'गोल्ड'ला भारत दिसत नाही. आपल्याकडच्या रेखांशांसाठी 2001 साली गेलेल्या 'टाइम्ड' उपग्रहावरच्या 'गुवी' या अतिनील उपकरणाच्या नोंदी काढा. आयनांबरात, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित थरात, रस असेल तर पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेत चौकशी करा.

सरावाला मे 2024 चं चुंबकीय वादळ घ्या. ध्रुवांकडे तापलेली हवा वर उसळते, नायट्रोजन वर येतो, गुणोत्तर घसरतं. त्याच वेळेचा एखादा शांत दिवस शेजारी ठेवा आणि दोन्ही वर्णपटांतलं 135.6 चं टोक ताडून बघा.