वर्गात गप्प बसणाऱ्या मुलीला किती गुण द्यायचे?

सातवीच्या आकारिकमध्ये, म्हणजे सत्रभर वर्गात चालणाऱ्या मूल्यमापनात, मी एका मुलीला तोंडी कामाचे दहापैकी तीन दिले होते. पालकसभेला तिचे वडील आले. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. प्रगतिपत्रक बघून त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, ती बोलत नाही म्हणून कापले, का तिला येत नाही म्हणून?" मला उत्तर देता आलं नाही. खरं तर मी तिला सत्रभरात किती वेळा विचारलं होतं, तेही मला सांगता आलं नसतं. सत्र संपल्यावर हजेरीपट पुढे घेऊन आठवणीने गुण भरले होते. आठवणीत कोण राहतं? पहिल्या दोन बाकांवरचे आणि खोड्या काढणारे.

तेव्हापासून कोपरखैरण्यातल्या माझ्या 52 मुलांच्या वर्गात मी जे करते ते लिहिते.

आधी मुलांचं मोजू नका, स्वतःचं मोजा. एक आठवडा बैठक-आराखडा पॅडला लावून ठेवा आणि ज्याला प्रश्न विचाराल त्याच्या चौकटीत टिंब द्या. माझी टिंबं बघून मलाच लाज वाटली: खिडकीकडची अख्खी रांग कोरी. ज्याला संधीच दिली नाही त्याला सहभागाचे गुण कसले कापायचे? मग कुल्फीच्या काड्या धुऊन त्यांवर नावं लिहिली आणि डब्यात घातल्या. काडी निघेल त्याला प्रश्न. पण आधी प्रश्न, मग थांबायचं, मग काडी. आधी नाव पुकारलं की बाकीचे 51 जण सुटले.

थांबायचं म्हणजे खरंच थांबायचं. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने 1970च्या दशकात दाखवून दिलं की शिक्षक प्रश्न विचारल्यावर जेमतेम एक सेकंद थांबतात. तोच वेळ तीन सेकंदांवर नेला तर उत्तरं लांबतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. मी मनात "एक कोपरखैरणे, दोन कोपरखैरणे, तीन कोपरखैरणे" म्हणते. सुरुवातीला ती शांतता खायला उठते.

आता नोंद. 35 मिनिटांच्या तासात 52 जणांचं निरीक्षण कुणालाच जमत नाही, आणि जमतं म्हणणाऱ्यांच्या वह्या मी पाहिल्या आहेत. रोज फक्त सहा मुलं धरा. नऊ दिवसांत वर्ग फिरून होतो, सत्रात प्रत्येकाच्या आठ-नऊ नोंदी होतात. आज कोणते सहा, ते मुलांना सांगू नका. गैरहजर असेल तर शून्य नाही, "गै" लिहा आणि परत आल्यावर त्याला धरा.

नोंद 0, 1 किंवा 2. भाग घेतला तर 1. वर्गाचा विचार पुढे नेला तर 2. 'अन्नपदार्थांची सुरक्षा' शिकवताना मी विचारलं, मासे टिकवतात कसे? "मीठ लावून वाळवतात" हे उत्तर 1. गावठाणातला एक मुलगा म्हणाला, "बाई, बोंबलाला मीठ नाय लावत, तरी सुकतंय." वर्ग त्याच्या बोलीला हसला. मी फळ्यावर त्याचंच वाक्य लिहिलं, कारण मीठ की पाणी निघून जाणं, हा पुढचा सगळा तास त्याच्यामुळे उभा राहिला. ते 2. आगरीत बोला, हिंदीत बोला, भाषेचे गुण भाषेच्या तासाला. चुकीचं पण कारणासहित दिलेलं उत्तरही माझ्याकडे 2 असतं. यावर आमच्या शिक्षकखोलीत अजून वाद आहे.

बोलणं हाच सहभाग नाही. वहीच्या शेवटच्या पानावर लिहिलेला प्रश्न, गटात दुसऱ्याला समजावणं, प्रयोगाची नोंद ठेवणं, सगळं धरा. त्या मुलीच्या शेवटच्या पानावर मला नंतर अकरा प्रश्न सापडले. मी ते पान कधी उघडलंच नव्हतं.

शिस्त यात मिसळू नका. गडबड केली म्हणून सहभागाचे गुण कापले की ती शिक्षा होते, मूल्यमापन नाही.

सत्राअखेर आठ-नऊ नोंदींपैकी चांगल्या पाच धरते. पाच दुणे दहा. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणाचा एखादा दिवसच वाईट जातो, ते त्यात झाकलं जातं. शासनाने 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं, त्यात सातवीला 100 पैकी 40 गुण आकारिकचे, आणि त्यातल्या दैनंदिन निरीक्षणाचा अर्थ हाच असावा असं मला वाटतं.

गुण भरण्याआधी मुलांना स्वतःला दहापैकी द्यायला सांगा. बडबडे बहुतेक नऊ देतात. जिथे माझा आणि मुलाचा आकडा तीनाहून जास्त वेगळा येतो, तिथे वही काढून दोघं मिळून नोंदी वाचतो. गेल्या सत्रात असे सात निघाले. चौघांच्या बाबतीत माझं चुकलं होतं.