पहिली लिनक्स डिस्ट्रो निवडताना

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसल्यामुळे विंडोज ११ ला अपात्र ठरलेले, पण एरवी उत्तम चालणारे लॅपटॉप अधांतरी राहिले. अशा यंत्रामुळे लिनक्सकडे वळणाऱ्या माणसाला पहिली अडचण येते ती नावांच्या गर्दीची. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च या सर्व डिस्ट्रोंचा (लिनक्सवर उभारलेल्या तयार प्रणालींचा) गाभा, म्हणजे लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिहायला घेतलेला कर्नल, एकच आहे. वेगळे असते ते त्याभोवतीचे सॉफ्टवेअर, ते किती झपाट्याने बदलते आणि त्यातले दोष किती वर्षे दुरुस्त केले जातात. नवशिक्याने निवडीची सुरुवात या शेवटच्या प्रश्नापासून करावी, कारण डेस्कटॉपचे रूप नंतर बदलता येते, पण सपोर्ट संपलेली प्रणाली वापरत राहणे धोक्याचे असते.

उबुंटूची एलटीएस (दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी) आवृत्ती दर दोन वर्षांनी, सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षे अपडेट मिळतात. मधल्या काळात दर सहा महिन्यांनी येणाऱ्या आवृत्त्यांना मात्र जेमतेम नऊ महिने मिळतात, हा फरक डाउनलोड करतानाच पाहून घ्यावा. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटू एलटीएसवरच उभी असल्याने तिचे आयुष्यही तेवढेच असते. फेडोराची प्रत्येक आवृत्ती सुमारे तेरा महिने टिकते, म्हणजे वर्षातून एकदा तरी मोठे अपग्रेड करण्याची तयारी हवी. आर्चला आवृत्त्याच नाहीत. तिथे बदल अखंड येत राहतात आणि एखाद्या बदलाने काही बिघडले, तर ते निस्तरणे वापरकर्त्याकडे येते.

दुसरा प्रश्न यंत्राचा. इथे डिस्ट्रोपेक्षा डेस्कटॉपला, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या मेनू-खिडक्यांच्या मांडणीला, अधिक महत्त्व आहे. आठ जीबी रॅम असेल, तर जीनोम, केडीई प्लाझ्मा किंवा सिनॅमन यांपैकी काहीही चालते. चार जीबी असल्यास एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप निवडावा. विंडोजची सवय असलेल्यांना सिनॅमनमध्ये खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू ही ओळखीची मांडणी मिळते, तर उबुंटूतल्या जीनोमची वेगळी मांडणी अंगवळणी पडायला थोडे दिवस लागतात. ‘हलकी’ डिस्ट्रो टाकली की जुना लॅपटॉप नव्यासारखा पळू लागतो, या आश्वासनावर मात्र फार विसंबू नये. आज रॅमचा सर्वांत मोठा वाटा ब्राउझर खातो आणि तो प्रत्येक डिस्ट्रोवर तेवढाच खातो; फिरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो, तो डिस्ट्रो बदलून पडत नाही. प्रोसेसर ३२-बिट असेल, तर उबुंटू आणि मिंटची मुख्य आवृत्ती दोन्ही बाद होतात.

टॅली, फोटोशॉप किंवा मायक्रोसॉफ्ट ऑफिसची डेस्कटॉप आवृत्ती कोणत्याही डिस्ट्रोवर थेट चालत नाही, त्यामुळे ज्यांचे रोजचे काम यांवर अवलंबून आहे त्यांनी विंडोज ठेवून शेजारी लिनक्स बसवणे बरे. युनिकोडमधला मराठी मजकूर लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस संचात नीट उघडतो. जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधल्या फायली मात्र आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवाव्यात.

माझे मत स्पष्ट सांगायचे, तर बहुतेक नवशिक्यांनी मिंटची सिनॅमन आवृत्ती घ्यावी आणि यंत्र अशक्त असेल तर त्याच मिंटची एक्सएफसीई. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याने उबुंटू एलटीएस घेतल्यास सोयीचे, कारण इंटरनेटवरच्या बहुतेक सूचना तीच प्रणाली गृहीत धरून लिहिलेल्या असतात. लॅपटॉप अगदी नवा असेल, तर त्याच्या भागांना ओळखणारा ताजा कर्नल फेडोरात लवकर मिळतो. महाविद्यालयीन मुलांना काली लिनक्सचे विलक्षण आकर्षण असते. पण ती सुरक्षा-चाचणीचे काम करणाऱ्यांसाठी बांधलेली आहे, आणि रोजच्या वापरासाठी डिस्ट्रो शोधणाऱ्या नवशिक्याने ती घेऊ नये असे तिचे निर्मातेच सांगतात.

कोणतीही निवड पक्की करण्यापूर्वी ती डिस्ट्रो पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी. आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. डिस्ट्रोच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (संपूर्ण डिस्ट्रो सामावणारी एकच फाइल) घेऊन रूफस किंवा बलेना एचर या प्रोग्रॅमने ती पेन ड्राइव्हवर लिहावी (पेन ड्राइव्हवरचे आधीचे सारे पुसले जाते) आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. डिस्कला हात न लावता संपूर्ण डेस्कटॉप समोर येतो. वाय-फाय, आवाज, कॅमेरा, पडद्याचा उजेड, टचपॅड, प्रिंटर आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र नीट जागे होते का, हे सगळे शांतपणे तपासावे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट जोडून दोन-चार ओळी टाइप करून पाहाव्यात. ब्रॉडकॉमची काही वाय-फाय कार्डे आणि एनव्हिडियाची ग्राफिक्स कार्डे वेगळा ड्रायव्हर (तो भाग चालवणारे सॉफ्टवेअर) मागतात. मिंटमध्ये तो ड्रायव्हर मॅनेजरमधून बसवता येतो, आणि वाय-फायच चालत नसेल, तर तेवढ्यापुरते मोबाइलचे इंटरनेट यूएसबी केबलने जोडावे.

तपासणी समाधानकारक झाली, तरी इन्स्टॉल करण्यापूर्वी फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी. विंडोज ठेवायचे असल्यास त्यातले फास्ट स्टार्टअप बंद करावे, नाहीतर विंडोजच्या ड्राइव्हवर लिनक्समधून काही लिहिता येत नाही. अनेक लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-कुलूप) मालकाच्या नकळत चालू असतो. त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर उतरवून ठेवावी, कारण बूटच्या (यंत्र सुरू होण्याच्या) सेटिंग बदलल्यानंतर विंडोज ती मागू शकते.