वर्गात नवं मूल आलं की

नवी मुंबईतल्या दिघा, तुर्भे, ऐरोलीच्या शाळांत वर्षाच्या अधेमधेही मुलं दाखल होतात. कुणाची भाषा वेगळी, कुणाला कमी ऐकू येतं. ‘मिळूनमिसळून राहा’ एवढं सांगून काही होत नाही.

प्रार्थनेनंतर १० मिनिटं मुलांना गोल करून बसवा. ‘कसं वाटतंय?’ विचारलं की ‘बरं’ एवढंच उत्तर येतं, म्हणून फळ्यावर शब्द द्या: हिरमोड, धास्ती, लाज, हेवा, हायसं. एक निवडायचा, कारण सांगायची सक्ती नाही. ‘पास’ म्हणायची मुभा हवीच, नाहीतर मुलं बाईंना आवडेल तेच बोलतात.

नव्या मुलाचा सोबती दर तीन दिवसांनी बदला. एकच ठेवला तर तो आधी कंटाळतो, मग दादागिरी करतो. खो-खोचे गडी चिठ्ठ्या टाकून पाडा. कॅप्टन निवडतो तेव्हा शेवटी उरणारं पोर रोज तेच असतं.

भांडण झालं की लगेच ‘सॉरी म्हण’ नको. आधी पाणी, पाच मिनिटं शांतता. मग एकाने सांगायचं, दुसऱ्याने तेच आपल्या शब्दांत परत सांगायचं. पहिला ‘हो, असंच’ म्हणेपर्यंत पाळी बदलायची नाही. (वेळखाऊ आहे, पण टिकतं.)

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाचनाच्या अडचणीसारखे न दिसणारेही आहेत. तेव्हा अचानक मोठ्याने वाचायला उठवू नका. उतारा आदल्या दिवशी द्या.