धर्मांतराचा खोटा आरोप झाला तर : या चुका टाळा

रविवारची संगती, म्हणजे आपली ख्रिस्ती प्रार्थनासभा, चाललीय, पंधरा-वीस माणसं, निम्म्या बायका, दारात चपला, आत टाळ्या आणि ढोलकी. तेवढ्यात बाहेर बाईक थांबतात आणि पाच-सहा पोरं मोबाईलचा कॅमेरा ऑन करूनच आत शिरतात, "इथे पैसे देऊन बाटवाबाटवी चालते". पुढची दहा मिनिटं आपण काय करतो त्यावर पुढचं वर्षभर कोर्टात जायचं की नाही ते बऱ्याचदा ठरतं, आणि नेमकं त्या दहा मिनिटांत आपल्या मंडळ्या ठरलेल्या चुका करतात. मी वकील नाही, पण अशा दोन-तीन प्रकरणांत लोकांसोबत पोलीस ठाण्यात रात्र काढलीय.

पहिली चूक, कॅमेऱ्यासमोर प्रवचन. समोरचा विचारतो "तुम्ही धर्मांतर करता का?" आणि आपले पास्टर बायबलमधलं योहान ३:१६ सुरू करतात. अहो, त्याला वचन नकोय, त्याला क्लिप पाहिजे. त्यातली आठ सेकंदं कापून रात्री ग्रुपवर फिरणार. तिथे एवढंच बोलायचं, "ही आमची प्रार्थना आहे, सगळे स्वखुशीने आलेत, काही तक्रार असेल तर पोलिसांकडे करा." आणि आपल्यातल्या एकाने, पास्टरांनी नाही, दुसऱ्या कोणीतरी, शांतपणे आपलाही व्हिडिओ सुरुवातीपासून शेवटपर्यंत काढायचा. तरुण पोरांना आधीच सांगून ठेवायचं की कॉलरला हात लावायचा नाही. एक ढकलाढकली झाली की मूळ खोटा आरोप बाजूला राहतो आणि मारामारीची खरी केस उभी राहते.

दुसरी चूक सगळ्यात महाग पडते, त्यामुळे जरा सविस्तर. ठाण्यात नेतात, रात्रीचे अकरा वाजतात, बायका रडत असतात, आणि कोणीतरी समजुतीच्या सुरात म्हणतं, "एवढं लिहून द्या की यापुढे प्रार्थना घेणार नाही, झालेल्या प्रकाराबद्दल माफी मागतो, आणि जा घरी." आमच्या ओळखीतल्या एका पाळकांनी, म्हणजे पास्टरांनी, दिलं लिहून. त्यांना वाटलं मिटलं. चार महिन्यांनी परत तक्रार झाली तेव्हा तोच कागद, त्यांच्याच अक्षरातला, समोर आला, की बघा यांनी आधीच कबूल केलंय! असलं काही वकिलाशी बोलल्याशिवाय लिहून देऊ नका. तपासात पोलीस जो जबाब लिहून घेतात त्यावर सही करायची कायद्यात गरजच नाही, हे आपल्यातल्या कितीजणांना माहीत असतं?

कलमं पाठ करायची गरज नाही, पण तीन-चार गोष्टी मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम आधी २९५अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते २९९ झालंय, जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, आधी नोटीस, असं सुप्रीम कोर्टाने २०१४ च्या अर्नेश कुमार प्रकरणात सांगितलंय. नोटीस आली की घाबरून गावाला पळू नका, हजर राहा, न गेलात तर तेच अटकेचं कारण होतं. अटक झालीच तर २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. अटकपूर्व जामीन भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली. आणि धर्मांतराचे कायदे राज्याराज्यात वेगळे आहेत, युट्यूबवर दुसऱ्या राज्यातल्या वकिलाचं ऐकून इथे वाद घालू नका.

"देव बघून घेईल, आपण गप्प राहू." ही चूक म्हटली की आपलेच लोक नाराज होतात. पण बायबलमधल्या प्रेषित पौलाने फिलिप्पै शहरात काय केलं? फटके मारून तुरुंगात टाकलं, सकाळी गुपचूप सोडायला निघाले तर तो म्हणाला, आम्ही रोमन नागरिक आहोत, चौकशी न करता चारचौघांत मारलंत, आता स्वतः येऊन बाहेर न्या. पुढे तर थेट कैसराकडे, म्हणजे रोमच्या सम्राटाकडे, अपील केलं. प्रार्थना करा ना, पण एफआयआरची कॉपीपण काढा.

कोर्टात खोटं पडतं कसं, तर कागदावरच. ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने उत्तर प्रदेशातल्या फतेहपूरच्या सामूहिक धर्मांतराच्या आरोपाच्या एफआयआर रद्द केल्या. साक्षीदारांची निवेदनं जवळपास कॉपी-पेस्ट निघाली होती. म्हणून तारीख, वेळ, कोण आलं, काय बोललं हे त्याच रात्री लिहून ठेवा, महिन्याने आठवत नाही.

आता थोडं कडू. सगळेच आरोप शंभर टक्के हवेतून येत नाहीत. प्रार्थनेनंतर रेशनचं किट वाटलं आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला, मग 'आमिष' शब्द समोरच्याला आयता मिळतो. मदत करायची तर वेगळ्या दिवशी, वेगळ्या जागी करा, सगळ्यांना करा, हिशोब ठेवा. "गोळ्या बंद करा, तेल लावून प्रार्थनेने बरं होईल" असं कोणी म्हणत असेल तर तो आरोप खोटा नाहीच, आधी त्याला थांबवा. सभेत आपला अनुभव, म्हणजे साक्ष, सांगताना दुसऱ्यांच्या देवांची टिंगल नको. लहान पोरं आई-बापांना न विचारता बोलवायची नाहीत. आणि सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगायचा हक्क राज्यघटनेच्या कलम २५ मध्ये आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९७७ मध्येच म्हटलंय, त्यामुळे "आमचा हक्कच आहे" म्हणून छाती काढून बोलताना जपून.

पंडिता रमाबाईंवर १८९३ मध्ये पुण्यात हेच झालं. त्यांच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेत मुलींना बाटवतात म्हणून 'केसरी'तून झोड उठली, रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाईंनी काय लपवलं नाही. मी माझ्या खोलीत दार उघडं ठेवून प्रार्थना करते, कोणावर सक्ती नाही, पण कोणी येऊन बसलं तर हाकलणार नाही, अशी सरळ भूमिका घेतली आणि दार काय बंद केलं नाही. सदन रिकामं होत आलं तरी नाही. तीन-चार वर्षांतच मध्य प्रांतातल्या दुष्काळातून शेकडो पोरी त्यांनी आणल्या आणि केडगावात मुक्ती सदन उभं राहिलं.

राहिले शेजारी. भीतीने त्यांच्याशी बोलणं तोडणं ही पण चूकच. ज्या पाळकांचं वर सांगितलं, त्यांच्या दुसऱ्या तक्रारीत ठाण्यात येऊन "मी समोरच राहतो, असलं काही नसतं इथे" असं सांगणारा माणूस गणपती मंडळाचा खजिनदार होता. त्याच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी पास्टर बाईंनी आठवडाभर डबा पोचवला होता, तोही प्रार्थनेचं नाव न काढता.