टायटॅनियम डायऑक्साइडचे स्फटिकी थर प्लाझ्माने चढवताय? या चुका टाळा

थर पारदर्शक आला, घट्ट बसला, तिरपा धरला की निळा-जांभळा दिसतो; म्हणून तो स्फटिकी झाला असं समजू नका. तो रंग जाडीमुळे येतो, अस्फटिकी थरही तसाच झळकतो. ॲनाटेज (टायटॅनियम डायऑक्साइडचं एक स्फटिकरूप) असेल तर एक्सआरडीत, म्हणजे क्ष-किरणांच्या विवर्तनात, २५.३ अंशांपाशी (तांब्याच्या क्ष-किरण नळीवर) शिखर दिसेल, रामन वर्णपटात १४४ सेमी⁻¹ ला दिसेल. यातलं एकही दिसलं नसेल तर वहीत 'ॲनाटेज' हा शब्द लिहू नका.

सगळ्यात मोठा घोळ तापमानाचा. हीटरच्या कंट्रोलरवर ४०० अंश सेल्सियस दिसलं की सबस्ट्रेटही (ज्यावर थर चढतो ती काच) ४०० ला आहे असं जवळजवळ प्रत्येक नवा माणूस धरून चालतो. पण थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) बसलेला असतो हीटरच्या ब्लॉकमध्ये, आणि काच त्यावर दोन-चार ठिकाणी नुसती टेकलेली असते. मधल्या फटीत हवा नाही, त्यामुळे उष्णता पोचते ती मुख्यतः प्रारणाने, म्हणजे फार कमी.

आमच्याकडे एका विद्यार्थ्याचा थर काही केल्या स्फटिकी होईना. त्याने पॉवर वाढवली, दाब बदलला, ऑक्सिजन वाढवला, शेवटी नवं टार्गेट (स्पटरिंगमध्ये प्लाझ्मा जिच्यावरून कण उडवतो ती तबकडी) मागितलं. रामनमध्ये नुसता पसरट फुगवटा. होल्डर बाहेर काढला तेव्हा कळलं, कोणीतरी काचेखाली स्टीलची जाड चकती घातली होती, ती तापून वाकली होती आणि काच दोन कोपऱ्यांवर तरंगत होती. बारीक थर्मोकपल सिरॅमिक सिमेंटने काचेच्या वरच्या अंगाला चिकटवला, चेंबर पंप केलं, हीटर ४०० वर नेला. वरचा आकडा २५० च्या आसपास रेंगाळत राहिला. चकती काढली, काच चारही बाजूंनी दाबून बसवली, सेटपॉइंट वाढवला. बाकी काहीही बदललं नाही. पुढच्याच थरात १४४ चा सुळका उभा राहिला.

तेव्हापासून माझा नियम असा: होल्डर बदलला किंवा काचेऐवजी सिलिकॉन आलं, की पृष्ठभागाचं तापमान पुन्हा मोजायचं आणि तक्ता मशीनवर चिकटवायचा. सिलिकॉन इन्फ्रारेड बरंचसं आरपार जाऊ देतं, त्यामुळे काचेचे आकडे त्याला चालत नाहीत. प्लाझ्मा स्वतःही पृष्ठभाग तापवतो, म्हणून शक्य असेल तर मोजमाप प्लाझ्मा चालू ठेवूनच घ्या. यात एक दिवस जातो. तो दिवस वाचवणारे पुढे महिनाभर चुकीच्या ठिकाणी शोधत बसतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

दुसरा घोळ ऑक्सिजनचा. टायटॅनियमचं धातूचं टार्गेट वापरताना ऑक्सिजन हळूहळू वाढवत गेलात की एका टप्प्यावर टार्गेटचा पृष्ठभाग एकदम ऑक्साइडने झाकला जातो आणि थर चढण्याचा वेग धाडकन पडतो. आता ऑक्सिजन मागच्या आकड्यावर आणला तरी टार्गेट लगेच मूळ अवस्थेत येत नाही. म्हणजे त्या पट्ट्यात एकाच प्रवाहाला दोन वेगळ्या अवस्था असतात. वहीत फक्त प्रवाह लिहिला, तर तो थर पुन्हा कोणालाच जमणार नाही, तुम्हालाही नाही. टार्गेटचं व्होल्टेज आणि एकूण दाब सोबत लिहाच. मी शटर बंद ठेवून आधी शुद्ध आर्गॉनमध्ये व्होल्टेज स्थिर होईपर्यंत टार्गेट साफ करते, आणि मग ऑक्सिजन नेहमी खालून वरच नेते.

अधीर मंडळींना मात्र वेग हवा असतो, म्हणून ती धातू आणि ऑक्साइड यांच्या मधल्या अवस्थेत थांबायला जातात. व्होल्टेज किंवा प्लाझ्माच्या प्रकाशावर चालणारं जलद नियंत्रण नसेल तर ते जमत नाही. हाताने नॉब फिरवून तर नाहीच. मिळतो तो करडा, ऑक्सिजन कमी पडलेला थर. शिकताना पूर्ण ऑक्साइड अवस्थेतच काम करा. हळू चढतो, पण थर नीट येतो.

'नंतर भट्टीत भाजून घेऊ' हा शॉर्टकट मला पटत नाही. भाजायचं तर भाजा, पण मग तो थर प्लाझ्माने स्फटिकी केला असं म्हणू नका. शिवाय साध्या सोडा-लाइम काचेतलं सोडियम तापल्यावर वर सरकतं आणि ॲनाटेज बिघडवतं. मध्ये सिलिकाचा थर द्या किंवा क्वार्ट्झ घ्या.

पॉवर वाढवली की स्फटिक येतात, हेही खरं नाही. कमी दाबाला फार ऊर्जेचे कण आदळले तर रचना रुटाइलकडे (दुसऱ्या स्फटिकरूपाकडे) झुकते किंवा मोडते. ॲनाटेज हवं असेल तर आधी दाब वाढवून बघा.

सिलिकॉनवरच्या थरात रामनमध्ये ५२० चं शिखर दिसलं तर ते सिलिकॉनचंच आहे. ॲनाटेजचं ५१६ त्याखाली दबतं, १४४ बघा.

पातळ थराचं एक्सआरडी नेहमीच्या पद्धतीने घेऊ नका, किरण अगदी तिरप्या कोनात टाका.

स्पटरिंगऐवजी टायटॅनियम आयसोप्रोपॉक्साइड या द्रव संयुगाची वाफ वापरत असाल तर नळी शेवटच्या जोडापर्यंत गरम ठेवा. एक थंड कोपरा पुरतो. वाफ तिथेच द्रव होऊन साचते. आणि कुठून ओलावा शिरला तर पांढरी पूड ठरलेलीच.

मेथिलीन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा रंग गेला, एवढ्यावरून फोटोकॅटॅलिसिस (प्रकाश पडल्यावर थराने रसायन मोडणं) सिद्ध होत नाही. तो रंग यूव्हीत आपोआपही उडतो आणि थरावर नुसता चिकटूनही कमी होतो. त्यामुळे प्रत्येक चाचणीत त्याच द्रावणाच्या आणखी दोन बशा ठेवा: एकीत कोरी काच, दिव्याखाली, दुसरीत तुमचा थर, अंधारात.