कलादालनातील इंटर्नशिप : या चुका टाळा

कुलाबा किंवा फोर्ट परिसरातील एखाद्या समकालीन कलादालनात इंटर्नशिप मिळालेला विद्यार्थी बहुधा चित्रांविषयी बोलण्याची तयारी करून येतो. प्रत्यक्षात पहिल्याच आठवड्यात त्याच्या हाती मेजर टेप, एक्सेलमधली यादी आणि बबल रॅपचे भेंडोळे येते. त्यात कमीपणा नाही, कारण दालनात महागात पडणाऱ्या चुका अभिरुचीच्या क्वचितच असतात. त्या बहुतेक नोंदींच्या असतात.

पहिली चूक अर्जातच होते, ती म्हणजे सगळी दालने एकाच पद्धतीने चालतात असे गृहीत धरणे. १९५२ साली सुरू झालेल्या जहांगीर आर्ट गॅलरीत चित्रकार अर्ज करून ठरावीक दिवसांसाठी दालन भाड्याने घेतात. याउलट १९६३ साली त्याच इमारतीच्या पहिल्या मजल्यावर सुरू झालेली आणि २००७ मध्ये फोर्टातील प्रेस्कॉट रोडवर गेलेली केमोल्ड ही गॅलरी निवडक कलावंतांचे दीर्घकाळ प्रतिनिधित्व करते. अशा ठिकाणी एकेका कलावंताच्या कामाची अनेक वर्षांची नोंद सांभाळावी लागते, आणि इंटर्नचा बराच वेळ तिथेच जातो.

या नोंदीत सर्वाधिक घोळ मापांचा होतो. आधी उंची, मग रुंदी आणि शिल्प असेल तर शेवटी खोली, असा क्रम बहुतेक दालने पाळतात. ३६ × ४८ इंचांचे (९१.४ × १२१.९ सेंमी) आडवे चित्र घाईत ४८ × ३६ असे लिहिले गेले, तर कागदावर ते उभे होते, आणि घेणाऱ्याने घरातल्या दोन खिडक्यांमधली अरुंद जागा मोजून ठेवली असेल, तर चूक थेट त्याच्या दिवाणखान्यात उघडी पडते. माप फ्रेमसह आहे की फ्रेमशिवाय, हेही लिहिलेच पाहिजे. चूक लक्षात आल्यावर केवळ यादी दुरुस्त करून थांबू नये, कारण तोच आकडा भिंतीवरच्या कॅप्शनमध्ये, प्राइस लिस्टमध्ये, संकेतस्थळावर आणि कदाचित बिलावरही गेलेला असतो.

छायाचित्रे आणि मुद्राचित्रे (ठशावरून छापलेली चित्रे) यांच्याबाबत आणखी एक गफलत होते. '२/५' म्हणजे पाचांपैकी दुसरी प्रत. दोन प्रती विकल्या गेल्या असा त्याचा अर्थ नव्हे. एकच प्रत दोघांना कबूल झाली असेल, तर आपल्या मनाने पुढची प्रत देऊ करू नये, कारण प्रती संपत येतात तशी किंमत अनेकदा वाढवली जाते. तो निर्णय संचालकांवर सोडावा.

चित्र टांगताना वरची कड जुळवण्याचा मोह होतो. मीही सुरुवातीला तेच केले आणि चार खिळे पुन्हा ठोकले. सामान्यतः चित्राचा मध्य जमिनीपासून सुमारे १४५ ते १५० सेंमीवर धरतात. मध्य १५० सेंमीवर हवा असेल आणि चित्र ९० सेंमी उंच असेल, तर वरची कड १९५ सेंमीवर येते. मागची तार ताणल्यावर कडेपासून ८ सेंमी खाली राहत असेल, तर खिळा १८७ सेंमीवर ठोकावा. तार सैल धरून मोजली की हिशेब हमखास चुकतो.

बबल रॅप रंगाच्या पृष्ठभागावर थेट गुंडाळू नये, त्याचे गोल ठसे रंगावर उमटू शकतात. आधी ग्लासिन हा पातळ, गुळगुळीत कागद, मग बबल रॅप, तेही फुगे बाहेरच्या बाजूला ठेवून. पावसाळ्यात बाहेरून आलेली पेटी लगेच न उघडता दिवसभर दालनाच्या हवेत ठेवावी आणि कोणतीही कलाकृती थेट जमिनीवर टेकवू नये.

प्रदर्शन खुले होण्याआधी इन्स्टाग्रामवर छायाचित्र टाकणे हा निव्वळ उतावळेपणा नव्हे. चित्र विकले गेले म्हणून त्याचा कॉपीराइट घेणाऱ्याकडे आपोआप जात नाही. भारतीय कायद्यानुसार तो सामान्यतः कलावंताकडे राहतो आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकतो. म्हणून दालनाची आणि कलावंताची परवानगी आधी घ्यावी. चित्र कोणी घेतले, हे तर मित्रांनाही सांगू नये.

व्हिडिओकृती असेल, तर वीज जाऊन आल्यावर ती आपोआप सुरू होते का, हे उद्घाटनापूर्वी मेन स्विच बंद करून पाहावे. पेन ड्राइव्हवरची फाइल लॅपटॉपवर चालली म्हणजे दालनातल्या प्लेअरवर चालेलच असे नाही.

आणि एखाद्या कलाकृतीवर ओरखडा दिसलाच, तर तो पुसू नये, दाबू नये. कलाकृती आहे तिथेच ठेवावी, तिरप्या प्रकाशात छायाचित्रे घ्यावीत, वेळ लिहावी आणि वरिष्ठांना तत्काळ सांगावे. कृती आली त्या दिवशी केलेला कंडिशन रिपोर्ट, म्हणजे तिच्या स्थितीची लेखी नोंद, काढून पाहिला, तर कित्येकदा तो ओरखडा त्यात आधीच नोंदलेला सापडतो.